उलटे ओरखडे

१

सीटवरचे ओरखडे काढणं हे घाईच्या माणसाचं काम नाही, म्हणून आमच्या दुकानात ते मी करते. आमचे हे शिलाई बघतात, फोम बघतात, सीट उघडणं आणि पुन्हा बसवणं त्यांच्याकडे. लेदरवरचं सगळं माझ्याकडे. कुत्र्याची नखं, पँटच्या मागच्या खिशाचं बटण, किल्ल्यांचा जुडगा, बाळाच्या खुर्चीचा कोपरा. गिऱ्हाईक येतं आणि आधी बायकोवर ढकलतं, "हिची पर्स लागली." पर्सने पडलेला ओरखडा वेगळा असतो, पण दुसऱ्यांच्या संसारात मी कशाला तोंड घालू!

काम म्हणाल तर साधं आहे. स्पिरिटने पुसायचं. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून कडा बसवायच्या. खाच फिलरने भरायची, हीट गनने सुकवायची, रंग मिळवून स्पंजने टिपत टिपत लावायचा, वर पारदर्शक थर द्यायचा. शेवटी डोळे मिटून बोटं फिरवायची. बोटांना काही लागलं नाही की काम झालं. डोळ्यांवर मी विसंबत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीने गाडी घेतली तेव्हा ती तडक दुकानातच आली. हॉर्न वाजवत, खिडकीतून अर्धी बाहेर लोंबत. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं तिचं काम. इतकी वर्षं स्कूटरवर उन्हापावसात फिरली. लग्न मोडल्यावर तर हसायचीच विसरली होती, म्हणून तो हॉर्न मला फार गोड वाटला.

"जुनी आहे, पण माझी आहे," ती म्हणाली. "भावोजी, बघता काय, पेढे मागा की!"

"पेढे राहू देत, आधी टायर दाखव," आमचे हे म्हणाले.

गाडी छानच होती. आतून बदामी रंगाचं लेदर, कुठे डाग नाही. फक्त ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, चार रेघा होत्या. एकमेकींना समांतर, बोटभर लांब.

"ताई, एवढं करून दे ना. भेट समज."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात पाठ खाजवून देईन."

हा आमचा जुना व्यवहार. लहानपणापासून माझी पाठ ती खाजवते, तिची मी. मी म्हणायचं, "जरा खाली गं," आणि तिने म्हणायचं, "ताई, पाठ आहे की मैदान?" तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नख नाही. लहान असताना कपाटाच्या दारात बोट सापडलं, ते नख पुन्हा धड आलंच नाही. त्यामुळे तिचा हात पाठीवरून फिरला की एक रेघ लागते, मग मोकळी जागा, मग दोन रेघा. डोळे बांधून शंभर जणींनी खाजवली तरी मी तिचा हात ओळखेन.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. स्पिरिटने पुसलं, फिलरची डबी उघडली, आणि सवयीने रेघेवरून बोट फिरवलं.

खाच लागली नाही.

ओरखडा म्हणजे खाच असते. वरून काहीतरी टोकदार ओढलं जातं आणि लेदर खाली दबतं, फाटतं. इथे माझ्या बोटाला उंचवटा लागला. चारही रेघा वर आलेल्या. ताणलेल्या कापडामागून नख ओढलं तर पुढच्या बाजूला जशी रेघ उठते, तशा. रंग उडाला होता तो त्या उंचवट्याच्या माथ्यावरचा, शर्टांना घासून घासून.

मी यांना हाक मारली. त्यांनीही बोट फिरवलं.

"सीट गरम करायच्या तारा असतात काही गाड्यांमध्ये," ते म्हणाले. "त्या वर आल्या असतील."

"चारच? आणि हाताच्या बोटांसारख्या?"

"तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं बुवा."

मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. भरायला खाचच नव्हती, तेव्हा फिलरचं काम नव्हतं. मी पॉलिश पेपर घेतला आणि उंचवटे घासून सपाट केले. रंग लावला, थर दिला, डोळे मिटून बोटं फिरवली. काही लागलं नाही.

संध्याकाळी धाकटी गाडी घेऊन गेली. जाताना माझ्या गालाची पापी घेतली तिने, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मी तिला चांगली ओरडले.

३

थोड्या दिवसांनी ती पुन्हा आली. चेहरा टवटवीत, अंगावर थोडं मांस चढलेलं.

"ताई, तुझी नोकरी गेली," ती म्हणाली. "आता माझी पाठ गाडीच खाजवते."

"म्हणजे?"

"अगं, सिग्नलला थांबले, जरा टेकले, की पाठीला असं मस्त वाटतं. कोणीतरी हलकेच नखं फिरवतंय असं. मसाजची सीट असणार. गाडीच्या एजंटने सांगितलंच नाही, येडा आहे तो."

मी हसले. खरंच हसले, कारण तिची बोलायची तऱ्हाच तशी. मग ती म्हणाली, "पण ते ओरखडे परत आलेत हं. तुझं काम कच्चं पडलं."

माझ्या कामाला कोणी कच्चं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी तशीच बाहेर गेले, गाडीचं दार उघडलं आणि पाठीवर हात ठेवला. चार रेघा होत्या, त्याच जागी. आधीपेक्षा लांब. मी त्यांच्यावर माझी चार बोटं ठेवून पाहिली. माझा हात पुरला नाही, तो पंजा कितीतरी रुंद होता.

या वेळी मी यांना सीट उघडायलाच लावली. त्यांनी मागची शिलाई उसवली, लेदर बाजूला केलं. आत फोम, स्प्रिंगा, लोखंडी चौकट. मसाजची मोटर नव्हती. गरम करायच्या ताराही नव्हत्या.

"फोम ओलाव्याने फुगला असेल," हे म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. फोम कोरडा ठणठणीत होता आणि त्यावर एक ओरखडा नव्हता.

लेदरची मागची बाजू मात्र त्यांनी मला दाखवली. ती बाजू लवदार असते, मखमलीसारखी. तिथे चार पट्टे झिजून गुळगुळीत झाले होते. पुन्हा पुन्हा तिथूनच काहीतरी फिरलेलं.

"फोम घासला असेल," मी म्हटलं.

"तेच," ते म्हणाले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यांनी शिलाई घातली, मी पॉलिश पेपर घेतला आणि पुन्हा घासलं. जे काम येतं तेच माणूस करतो. उंचवटा दिसला की माझा हात तो घासायला जातो.

४

तिसऱ्या वेळी धाकटी गाडी सोडून आतल्या बाकावर चहा पीत बसली होती. दुपारची वेळ, शेजारचं वेल्डिंगचं दुकान बंद, रस्ता शांत. मी गाडीत गुडघ्यावर बसून घासत होते. आता रेघा वीतभर झाल्या होत्या.

पॉलिश पेपरचा एक आवाज असतो, खर्रखर्र, झोप येईल असा. मी घासत होते आणि आवाज येत होता. नाकावर घाम आला म्हणून मी हात थांबवला.

आवाज थांबला नाही.

फार नाही, दोन-तीन वेळा. खर्र. खर्र. मग आपण एकटेच घासतोय हे कळल्यावर कोणी थांबावं, तसा तो थांबला.

मी गाडीतून बाहेर आले. रस्त्यावर कोणी झाडतंय का ते पाहिलं, मागच्या गल्लीत डोकावले. उंदीर असेल, असं मनात म्हटलं. उंदीरच. मग परत जाऊन मी त्या जागेवर बोट टेकवलं. इतक्यांदा घासून लेदर कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ झालं होतं. बोटाखाली ते कोमट लागलं. मी हात झटक्यात मागे घेतला.

"गाडी इथेच राहू दे," मी धाकटीला सांगितलं. "पूर्ण तुकडा बदलायला हवा. चार दिवस लागतील."

"चार दिवस? मग माझं काम कोण करणार, तू?"

"स्कूटर घे."

"ताई, काय झालंय ते सांग ना."

काय सांगणार होते मी? सीट कोमट आहे म्हणून? ऊन पडलं होतं गाडीवर, ती म्हणाली असती. आणि बरोबरच म्हणाली असती.

"मला ती सीट आवडत नाही," मी म्हटलं.

ती बाकावरून उठली. "तुला माझं काहीच आवडत नाही. नवरा आवडला नाही, घर आवडलं नाही, आता गाडी." तिचे डोळे भरले होते. "एक गोष्ट माझी मला मिळाली, तर तिच्यातही खोट काढलीस."

यांनी मध्ये पडून समजूत घातली. शेवटी ठरलं की आता नुसता रंग द्यायचा आणि रविवारी तुकडा बदलायचा. मी रंग दिला. रंग वाळायच्या आत ती किल्ली घेऊन निघाली. दार लावताना तिने पाठ टेकली, आणि रागातसुद्धा तिचा चेहरा कसा सैल पडला, हे मी पाहिलं. डोळे अर्धे मिटले. माझ्या हाताखाली तिचा चेहरा असाच व्हायचा, लहानपणी, आळीपाळीने पाठ खाजवायचो तेव्हा.

मी तिला हाक मारली. इंजिनच्या आवाजात ती तिला ऐकू गेली नसावी.

५

धाकटी त्या दिवशी घरी परतलीच नाही. गाडी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये सापडली. काचा बंद, किल्ली लागलेली. शेजारच्या सीटवर नमुन्यांची पेटी, तिचा मोबाईल, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवर, ताणून, खटक्यात नीट अडकवलेला.

पोलीस म्हणाले, बाई स्वतःहून गेल्या असतील. लग्न मोडलेलं, घरात भांडण झालेलं. पट्ट्याचं मी पुन्हा पुन्हा विचारलं. "लोक वाजू नये म्हणून रिकामाच लावतात," ते म्हणाले. हो, लावतात. मलाही माहीत आहे.

मी सीटवर हात फिरवला. रेघा नव्हत्या. पापुद्राही नव्हता. माझ्या हाताने पातळ झालेली ती जागा भरून आली होती, जाड, घट्ट, कोऱ्यासारखी. इतकं चांगलं काम मला जन्मात जमलं नसतं.

तीनचार दिवसांनी गाडीचा एजंट भेटायला आला. बिचारा हळहळला, आणि बोलता बोलता म्हणाला, "नशीब बघा ताई, कोणाचं काय. ज्यांची ही गाडी होती ना, ते गृहस्थ असेच नाहीसे झाले होते. म्हणून तर घरच्यांनी विकायला काढली. आणि आता ते परत आलेत. त्याच पार्किंगजवळ सापडले म्हणे, भिंतीला धरून उभे."

"कधी?" मी विचारलं.

त्याने दिवस सांगितला. सांगताना त्याच्याच लक्षात आलं आणि त्याने चहाचा कप खाली ठेवला.

मी त्या गृहस्थांच्या घरी गेले. हे नको म्हणत होते, तरी गेले. बाईंनी दार उघडलं. नवरा सापडला म्हणून जो आनंद असायला हवा तो चेहऱ्यावर दिसत नव्हता. खोलीत सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. गृहस्थ खोलीच्या मधोमध उभे होते, उंच, मोठ्या हाडाचे.

"बसत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "झोपतात ते पालथे. कशालाही पाठ टेकत नाहीत."

मी त्यांचे हात पाहिले. रुंद पंजे. नखं मुळापर्यंत झिजलेली. माझ्या अंगाला कायमचा स्पिरिटचा वास येतो, तो त्यांना आला असावा. ते जवळ आले आणि माझी बोटं हातात घेऊन त्यांनी निरखली.

"बाहेरून कोणीतरी घासायचं," ते म्हणाले. "फार बरं वाटायचं."

एवढंच बोलले. त्यांच्या बायकोला रडू फुटलं, कारण परत आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

६

गाडी आमच्याकडे आली आणि यांनी ती शेडच्या मागे ताडपत्रीखाली उभी केली. मी रोज ताडपत्री वर करायचे, आत शिरायचे, डोळे मिटून सीटच्या पाठीवर बोटं फिरवायचे. पाठ मात्र टेकायचे नाही. रोज काही लागायचं नाही.

आणि एका सकाळी लागलं.

एक रेघ. मग मोकळी जागा. मग दोन रेघा.

मला आनंद झाला. भीती नंतर आली, आधी आनंदच झाला. मी त्या सीटला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. "आले गं, आले," असं काहीतरी बडबडत होते. मग पॉलिश पेपर आणला आणि घासायला लागले.

हे धावत आले. त्यांनीही बोट फिरवलं. धाकटीचं ते बोट त्यांना माहीत नव्हतं थोडंच? त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कात्री आणली आणि सीट पार फाडायला निघाले, पण मीच त्यांना अडवलं. मागे उघडली होती तेव्हा आत काय होतं? फोम. कात्री पोचेल तिथे ती नाहीच.

"मग कुठे आहे?" ते ओरडले. त्यांना मी इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं.

मला काय ठाऊक! मला एवढंच कळत होतं की बाहेरून घासून लेदर पातळ होतं. आणि नुसतं पातळ होऊन भागत नाही. त्या गृहस्थांसाठी मी तिसऱ्यांदा घासलं तेव्हाही ते बाहेर आले नव्हते. त्यानंतर कोणीतरी तिथे पाठ टेकून बसलं, तेव्हा आले.

हे मी यांना सांगितलं नाही. पण संसार केलाय आम्ही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला.

"उद्या दुपारी गाडी उचलून नेतील. तुला गमावून मी तिला परत आणणार नाही. मला वाईट म्हण, काय वाटेल ते म्हण."

"तुम्हाला कोण वाईट म्हणतंय हो," मी म्हटलं. रात्री आम्ही दोघं नीट जेवलो. त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं.

७

आता दुपार आहे. दारात क्रेन आली आहे, तिची साखळी वाजते आहे. हे बाहेर भंगारवाल्याशी बोलताहेत. मी मागच्या बाजूने आत आले, ताडपत्री वर केली आणि यांची नजर चुकवून सकाळपासून जी जागा घासत होते ती शेवटची एकदा घासली. पापुद्रा झालाय. कोमट लागतोय.

स्पिरिटची बाटली बूच लावून ठेवली आहे. बदामी रंग डबीत मिळवून ठेवला आहे, पण तो लागायचा नाही. शेजारच्या सीटवर यांच्यासाठी दोन शब्द लिहिले आहेत. ती आली की आधी पाणी द्या, आणि बस बस म्हणून खुर्चीचा आग्रह करू नका. आणि ही जागा पुन्हा कोणालाही घासू देऊ नका. तिला तर नाहीच.

मी सीटवर बसले आहे. पट्टा लावला, नाहीतर वाजत राहतो.

"अगं!" हे ओरडताहेत. त्यांना ताडपत्री हललेली दिसली असावी. "अगं, उतर! उतर आधी!" त्यांच्या धावण्याचा आवाज येतोय, चपला फटफट वाजताहेत. दारं मी आतून लावून घेतली आहेत.

मला खूप भीती वाटते आहे. तरी मी पाठ टेकते.

आधी काहीच होत नाही. मग कपड्यांवरून, खांद्यांच्या मधोमध, अगदी हलकेच. एक रेघ. मोकळी जागा. दोन रेघा.

"जरा खाली गं," मी म्हणते.

बोटं थांबतात. मग ती खाली सरकतात.